हार्पसिकॉर्ड भावशून्य आहे काय?

पाश्चात्त्य संगीतात भाव आला तो पियानोबरोबर, त्याआधीचे हार्पसिकॉर्डवादन म्हणजे निव्वळ नक्षीकाम, असे मत साहित्याच्या चर्चांतही फारशा तपासाविना मांडले जाते. आम्हाला ते मुळातच अमान्य आहे.

त्यामागील वस्तुस्थिती खरी आहे. हार्पसिकॉर्डची पट्टी दाबली की पिसाची लहानशी नखी तार छेडते. बोट हलके पडो वा जोराने, आवाज जवळजवळ तेवढाच निघतो. परंतु एवढ्यावरून वाद्य भावशून्य ठरत असेल, तर छापील कविताही भावशून्य ठरेल. कागदालाही आवाज चढवता येत नाही. कवी तो शब्दांच्या दाटीतून, विरामांतून, पुनरुक्तीतून चढवतो.

दोमेनिको स्कार्लाती (१६८५-१७५७) नेमके हेच करतो. राल्फ कर्कपॅट्रिक यांनी १९५३ साली सिद्ध केलेल्या सूचीत त्याच्या ५५५ सोनाटा आहेत. त्यांतील १४१ क्रमांकाची, डी मायनरमधील सोनाटा ऐकावी. उजवा हात एकच स्वर सहा-सहा वेळा, उसंत न घेता, वाजवत राहतो. त्याखाली डावा हात विसंवादी स्वर कोंबलेल्या कॉर्ड छेडतो. पुढे ही दाटी विरळ होते, ताण सैलावल्यासारखा वाटतो, आणि तोच स्वराघात पुन्हा परततो. उद्वेग आणि मोकळीक यांतील हे अंतर वादकाच्या बोटांच्या जोरावर अवलंबून नाही. ते स्वरांच्या संख्येत, त्यांच्या विणीत लिहिलेले आहे.

यावर दोन उत्तरे हमखास येतात. पहिले असे की, हा स्पॅनिश गिटारचा प्रतिध्वनी आहे. स्कार्लातीचे उत्तरायुष्य स्पेनमध्ये गेले आणि गिटारचा भास येथे होतो, हे खरेच. पण उगम सांगितल्याने परिणामाचा उलगडा होत नाही. कवीचे गाव सांगून कविता समजावणाऱ्या समीक्षेचाच हा भाऊबंद. दुसरे असे की, हीच सोनाटा मार्था आर्गेरिच पियानोवर किती परिणामकारक वाजवतात! वाजवतात, यात शंका नाही. मात्र पियानो जे उठावदार करतो, ते रचनेत आधीपासूनच असते.

तेव्हा 'ही रचना आनंदी की उदास?' हा प्रश्न आपण वर्गात विचारणे सोडावे. भाव कोठे पालटतो आणि कशाच्या बळावर पालटतो, हे विचारावे. साधने तोकडी असतात तेथेच रचनाकाराची खरी परीक्षा होते, आणि स्कार्लाती तीत उतरला आहे. ऐकणाऱ्यांनी आपले कान तपासावेत.