पेस्टल, काच आणि विवेक

सॉफ्ट पेस्टलचा रंग कागदात मुरत नाही. त्याचे सूक्ष्म कण पृष्ठभागावर केवळ विसावलेले असतात. या मोकळ्या कणांवर प्रकाश विखुरतो, म्हणून चित्राला मखमली तेज लाभते. ओझरत्या स्पर्शानेही ते कण निसटतात, म्हणून चित्रावर काच बसवावी लागते. काचेत मात्र पुष्कळदा चित्राआधी समोरची खिडकीच दिसते. ती काच टाळण्यासाठी रंग स्थिर करणारे द्रावण, म्हणजे फिक्सेटिव्ह, फवारण्याचा मोह होतो.

हा मोह जुना आहे. अठराव्या शतकातील फ्रेंच चित्रकार ला तूर यांची काही चित्रे अशाच प्रयोगांत बिघडली. द्रावण कणांमधील पोकळ्या भरते आणि फिकट छटा काळवंडतात. देगा यांनी हे द्रावण थरांच्या मधे वापरले व त्यावर पुन्हा ताजा रंग चढविला.

अहिंसा पाळणाऱ्या घरात आणखी एक प्रश्न उभा राहतो. जुन्या द्रावणांत माशाच्या वाताशयापासून केलेला सरस असे. शेलॅक लाखेच्या किड्यांच्या स्रावापासून बनते व त्यात जीवहानी होते. केसीन दुधातून मिळते. ॲक्रिलिक राळ कृत्रिम असते. म्हणून घटक जाणून घेऊनच खरेदी करावी.

नवे चित्र काचेविना लावायचे असल्यास छटा आरंभीच उजळ ठेवाव्यात, प्रथम टाकाऊ तुकड्यावर परीक्षा घ्यावी आणि मोकळ्या हवेत दुरून पातळ थर फवारावेत. घरातील वडीलधाऱ्यांच्या हातचे जुने चित्र मात्र काचेआडच, काचेला न टेकेल अशा बेताने ठेवावे. फवारलेले द्रावण परत घेता येत नाही. तेथे संयम हेच खरे जतन होय.