कापड तेच, हुकूम कुणाचा?

इंडोनेशियातल्या तरुण मुलींचे फोटो पाहून आपल्यातल्या काहीजणी हळहळतात, "इतक्या शिकल्या, पण डोकं झाकलेलंच!" मला ही हळहळ घाईची वाटते.

त्या देशात १९८२ साली सुहार्तोच्या सरकारने गणवेशाच्या नियमाने सरकारी शाळांत हिजाब घालायला मनाई केली. तरी घालणाऱ्या मुलींना शाळा सोडावी लागली. तेव्हा हिजाब हेच बंड होतं. १९९१ मध्ये परवानगी मिळाली. पण २००५ पासून पाडांग शहरातल्या शाळांत त्याचीच सक्ती झाली, पुढे ख्रिस्ती मुलींवरही. २०२१ च्या जानेवारीत एका ख्रिस्ती विद्यार्थिनीच्या घरच्यांनी याला वाचा फोडली. फेब्रुवारीत तीन मंत्र्यांनी सक्तीविरुद्ध आदेश काढला, मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. या सगळ्यात मुलींना विचारलं कुणी?

पश्चिम जावातल्या गारुतच्या तिघीजणी पाहा. 'व्हॉइस ऑफ बाचेप्रोत' हा त्यांचा मेटल बँड २०१४ मध्ये, शाळेत असतानाच उभा राहिला. सुंदा भाषेत बाचेप्रोत म्हणजे गोंगाट. 'मुलींना हे शोभत नाही' म्हणणाऱ्यांचा रोष झेलत, हिजाब घालूनच त्या २०२४ मध्ये इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात वाजवून आल्या. त्यांना दबलेल्या म्हणायचं कसं?

अर्थात घरचे, शिक्षक, शेजारी सगळेच टोकत असतील तिथे 'तिची मर्जी' म्हणून मोकळं होता येत नाही. म्हणूनच शाळेच्या नियमात बंदीही नको आणि सक्तीही नको, ही मागणी आपण एका दमात केली पाहिजे.