सासूबाईंच्या पॉलिसीचा कागद



वाण्याच्या बिलातला रुपया न् रुपया आपण तपासतो. पण घरातल्या वडीलधाऱ्यांच्या विम्याचा कागद शेवटचा कधी वाचलात? मीही वाचला नव्हता, आणि त्याची किंमत मोजली.

गेल्या पावसाळ्यात आमच्या सासूबाई न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. विमा आहे, म्हणून आम्ही निर्धास्त! त्यांना आराम पडावा म्हणून दिवसाला ६,००० रुपयांची स्वतंत्र खोली घेतली. पॉलिसीतली मर्यादा होती ३,०००ची. मला वाटलं, वरचे ३,००० आपण भरू. पण तसं नसतं, बरं का! खोली दुप्पट भाड्याची, म्हणून डॉक्टरांची फी आणि शस्त्रक्रियागृहाचं भाडंही निम्मंच मंजूर झालं. बाकीचे पैसे उभे करायला माझ्या पाटल्या गहाण पडल्या. "माझ्यापायी गं," असं सासूबाई म्हणाल्या, ते अजून मनातून जात नाही.

म्हणून सांगते, आजच कपाटातली पॉलिसी काढा आणि तीन गोष्टींवर पेन्सिलीनं खूण करा. खोलीभाड्याची मर्यादा किती? बिलातला किती हिस्सा आपण भरायचा? आणि आधीपासूनच्या मधुमेह-रक्तदाबाच्या दुखण्यांसाठी किती वर्षं थांबायचं? २०२४ पासून नव्या पॉलिसीत ही मुदत ३ वर्षांहून जास्त ठेवता येत नाही.

घरात कुणाला ७० वर्षं पूर्ण झाली असतील, तर आयुष्मान योजनेचं कार्ड आधीच काढून ठेवा. आधार कार्ड लागतं. ऑक्टोबर २०२४ पासून या वयाच्या माणसांना उत्पन्नाची अट नाही. खासगी विमा असला तरी चालतो. कुटुंबातल्या अशा ज्येष्ठांना मिळून वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. मात्र रुग्णालय योजनेतलं हवं, आणि तिथं दाखल व्हायला हवं. रोजच्या गोळ्यांचा खर्च त्यात बसत नाही.

त्या गोळ्यांसाठी डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहून द्यायला सांगा आणि जनौषधी केंद्रात चौकशी करा. तिथं पुष्कळ स्वस्त पडतं. शिवाय भिशीसारखी दरमहा थोडी रक्कम आजारपणासाठी बाजूला टाका.

आणि हो, पॉलिसी, कार्ड, जुने रिपोर्ट एकाच पिशवीत ठेवा. ती कुठं आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक असू द्या. रात्री-अपरात्री धावपळ होते, तेव्हा घरी आपणच असू असं थोडंच आहे?