कुर्तुबा पाहायचे तर तिथे एक रात्र राहा

मुलगा-सून किंवा लेक-जावई युरोपात नोकरीला आहेत, म्हणून उन्हाळ्यात महिना-दीड महिना त्यांच्याकडे राहायला जाणारी घरे आता आपल्यात बरीच झाली आहेत. एकदा तिथवर पोहोचले की स्पेनचे नाव निघतेच. मग एखाद्या सहल कंपनीचे पत्रक हाती येते. त्यात ग्रनादाला दोन दिवस, सेव्हियाला दोन दिवस आणि मधल्या वाटेवर कुर्तुबाला तीन तास असतात. अकराला बस थांबते, मशिदीत तासभर, जेवण, दुपारी तीनला बस सुटते. वाचकहो, हे पत्रक बाजूला ठेवा, असेच आम्ही सांगू.

स्पॅनिश लोक या शहराला कोर्दोबा म्हणतात. उर्दू वाचणाऱ्या घरांत ते इक्बालांच्या ‘मस्जिद-ए-कुर्तुबा’मुळे माहीत असते. इक्बाल १९३३ साली तिथे गेले होते. ती नज्म मनात घेऊन जाणाऱ्या माणसाला तीन तास कसे पुरतील?

माद्रिदहून वेगवान रेल्वेने कुर्तुबाला साधारण पावणेदोन तास लागतात, सेव्हियाहून पाऊण तास. तिकीट आधी काढले तर बरेच स्वस्त पडते. स्टेशनवर सामानाची तपासणी होते, म्हणून अर्धा तास आधी पोहोचा. मुक्काम जुन्या शहरात करा, पण चाकांच्या जड बॅगा नेऊ नका. गल्ल्या गोट्यांच्या फरसबंदीच्या आहेत आणि अनेक ठिकाणी गाडी दारापर्यंत जात नाही.

रात्र राहण्याचे कारण सकाळ आहे. सोमवार ते शनिवार साडेआठ ते साडेनऊ या वेळात मशिदीत विनातिकीट प्रवेश मिळतो आणि त्या तासात गटांना सोडत नाहीत. सणावाराला यात बदल होतो, म्हणून आदल्या संध्याकाळी फाटकावरची पाटी वाचून घ्या. सव्वानऊच्या पुढे रक्षक लोकांना बाहेर काढू लागतात, कारण नंतर प्रार्थनासभा असते. पण तो पाऊण तास सोन्यासारखा! आम्ही आत गेलो तेव्हा जेमतेम तीसेक माणसे असतील. खांबांच्या त्या रानात आपल्याच पावलांचा आवाज ऐकू येत होता. त्याच दिवशी दुपारी तिकीट काढून पुन्हा गेलो, तर मेहराबीसमोर हातातल्या फोनांची भिंत उभी होती.

आता नाजूक मुद्दा. या वास्तूत मुसलमानांना नमाज पढता येत नाही. १२३६ साली फर्नांडो तिसरा याने शहर जिंकल्यापासून हे चर्च आहे आणि आजही तिथे रोज प्रार्थना होते. स्पेनमधल्या मुसलमानांनी परवानगी मागून पाहिली, ती मिळाली नाही. २०१० साली ऑस्ट्रियाहून आलेल्या गटातल्या काही जणांनी आत नमाज सुरू केली, तेव्हा रक्षकांशी झटापट झाली आणि दोघांना अटक झाली. आपल्याकडचे काही उत्साही ‘दोन रकात तरी पढूनच येऊ’ असे ठरवून जातात. आमचे मत स्पष्ट आहे: असे करू नका. बरोबर लहान मुले असतात, म्हातारे अब्बा असतात. परक्या देशात त्यांना पोलिसांसमोर उभे करण्यात काय मिळवायचे? मनातल्या मनात दुआ मागायला कोणी अडवत नाही. बायकांच्या ओढणीला हरकत नसते, पुरुषांना मात्र टोपी काढायला सांगतात. ते आधीच माहीत असले म्हणजे दारात वाद होत नाही.

नमाजसाठी कोलोन बागेत एक लहानशी पांढरी मशीद आहे, लोक तिला ‘मोराबितो’ म्हणतात. स्पेनच्या यादवी युद्धात मोरोक्कोहून आणलेल्या सैनिकांसाठी ती बांधली गेली. मोठ्या मशिदीपासून चालत वीसेक मिनिटांवर आहे. आणि एक लक्षात ठेवा, जुन्या मशिदीच्या मेहराबीवरून हॉटेलातला किब्ला ठरवू नका. ती इमारत दक्षिणेकडे बरीच कललेली आहे. कुर्तुबाहून मक्का जवळपास पूर्वेला, किंचित दक्षिणेकडे येते. जूनमध्ये तिथे मगरिब पावणेदहाच्या सुमारास होते, इशाला मध्यरात्र जवळ येते. शाफई घरांना सफरीत नमाजा जमा करण्याची मुभा आहे. हनफींनी निघण्यापूर्वी आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्यावे.

आत काय पाहावे? मुलांना घाई करू देऊ नका. पहिल्या अब्दुर्रहमान यांनी ७८५च्या सुमारास बांधकाम सुरू केले तेव्हा जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथ इमारतींचे खांब आणून लावले. ते कमी उंचीचे होते, म्हणून एका कमानीवर दुसरी कमान चढवून छत उंच केले. अडचणीतून निघालेली ही युक्ती आज त्या मशिदीची ओळख झाली आहे! सुमारे ८५० खांब शिल्लक आहेत. सर्वांत जुन्या भागात कमानींचे लाल-पांढरे पट्टे खरोखर वीट आणि दगड यांचे आहेत. अल-मन्सूर यांनी शेवटी वाढवलेल्या भागात सगळा दगडच आहे, त्यावर लाल रंग दिलेला. मुलांना हा फरक शोधायला लावा, अर्धा तास ती कुरकुर करणार नाहीत. मेहराबीभोवतीच्या सोनेरी काचतुकड्यांच्या नक्षीसाठी दुसऱ्या हकम यांनी बायझन्टाईन सम्राटाकडून कारागीर मागवला होता.

मशिदीच्या मधोमध उभे केलेले उंच चर्च पाहून मन खट्टू होते. पण हेही मुलांना सांगावे की १५२३ साली ते बांधायला घेतले तेव्हा याच शहराच्या ख्रिस्ती नगरसभेने कडाडून विरोध केला होता. जुने काम मोडणाऱ्या मजुराला मृत्युदंड देऊ, इथपर्यंत फर्मान निघाले. शेवटी राजा पाचव्या कार्लोसने बिशपच्या बाजूने कौल दिला. घंटेचा मनोरा चढायचा असेल तर वेगळे तिकीट लागते. त्याच्या पोटात तिसऱ्या अब्दुर्रहमान यांचा मिनार अजून आहे.

अंगणात संत्र्याची झाडे आहेत. स्पॅनिशमध्ये संत्र्याला ‘नारान्खा’ म्हणतात. आपले नारिंग अरबांच्या सोबतीने तिथवर पोहोचले. नदीचे नाव ग्वादलक्विवीर, म्हणजे मूळ ‘वादी अल-कबीर’. शिक्षकी पेशामुळे आम्हाला अशा शब्दांचा नाद. अंगणातली फळे मात्र कडू असतात, तोडू नका.

जेवणाचे जपून. सालमोरेखो हे टोमॅटो-पावाचे थंडगार सार इथली खासियत, पण वरून डुकराच्या मांसाचे तुकडे पेरतात. ‘सिन खामोन’ म्हणजे त्याशिवाय, हे दोन शब्द पाठ करा. मध घातलेली तळलेली वांगी बिनधास्त मागवा. पास्तेल कोर्दोबेस नावाची गोड पोळीसारखी मिठाई दुकानात मोहात पाडते. ती परंपरेने डुकराच्या चरबीत करतात, तेव्हा दुरूनच पाहा. दुपारी दोन ते पाच बहुतेक दुकाने बंद. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा म्हाताऱ्यांना नेऊच नये. ऑक्टोबर उत्तम. मेच्या पहिल्या पंधरवड्यात घराघरांतल्या फुललेल्या अंगणांचा उत्सव असतो. देखणा, पण खोल्या महाग आणि गर्दी फार.

संध्याकाळी जुन्या तटाजवळ इब्न रुश्द यांचा पुतळा पाहा. ज्यू वस्तीत मैमोनिदीस यांचाही आहे. दोघेही याच शहरात जन्मले आणि दोघांनाही ते सोडावे लागले.

दुसरा दिवस मदीनत अज-जहराला द्या. तिसऱ्या अब्दुर्रहमान यांनी ९३६ साली वसवायला घेतलेली ही राजनगरी शहरापासून आठेक किलोमीटरवर आहे. शंभर वर्षेही टिकली नाही, आपसातल्या यादवीत लुटली गेली. अजून थोडाच भाग उकरला आहे. आधी खालचे संग्रहालय पाहा, म्हणजे वरचे दगड बोलू लागतात. तिथून वर न्यायला छोटी बस असते. सोमवारी बंद. वर सावली फार थोडी आहे, तेव्हा पाण्याच्या बाटल्या खालीच भरून घ्या आणि परतीच्या शेवटच्या बसची वेळ उतरतानाच ड्रायव्हरला विचारून ठेवा.