पाऊल आणि पाते

नारळी पौर्णिमा उलटली, दर्या हळूहळू निवळू लागला, आणि मालवण-तारकर्लीच्या आमच्या स्कूबा डायव्हिंगच्या व्यवसायबंधूंनी पावसाळाभर बांधून ठेवलेली सामग्री बाहेर काढून नव्या खरेदीच्या याद्या करण्यास आरंभही केला असेल. परंतु या याद्यांत रेग्युलेटरविषयी जेवढी मसलत होते तिच्या दशांशही फिन्सच्या वाट्यास येत नाही, आणि चपलेच्या नंबरावरून जोड मागवून मोकळे होण्याचा दस्तूर अद्याप चालू आहे.

फ्रान्सचे नौदल अधिकारी लुई द कॉर्लियू यांनी १९३३ साली फिन्सचे पेटंट घेतले तेव्हापासून पात्याच्या आकारावर पुष्कळ बुद्धी खर्च झाली. १९६४ मध्ये जॉर्ज बुशा यांनी पात्याला आरपार खिडक्या ठेवून पाय परत आणताना होणारा पाण्याचा अडथळा कमी केला, तो जाड रबराचा घाट आजही टिकून आहे. तथापि पाते उत्तम असूनही पाऊल खणात नीट बसत नसेल तर मांडीचे बळ पात्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून निओप्रीनचे बूट चढवून, पट्टा आवळून, पाय अधांतरी धरून झटकून पाहावा: टाच हलली तर जोड मोठा, बोटे दाबली जाऊन मुंग्या येऊ लागल्या तर तो लहान, आणि पाण्यात गोळा येण्याचे ते पूर्वचिन्ह होय. प्रस्तुत लेखकाने एकदा केवळ वेगाच्या मोहाने लांब व ताठ पाती निवडली, आणि ओढीच्या पाण्यात पोटरीत असा गोळा आला की सोबत्याच्या आधारानेच बोट गाठावी लागली. कसूर सर्वस्वी स्वतःची होती.

यानंतर विचार पाण्याचा. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या उथळ, गाळवट तळावर पाय वरखाली मारणारा एक शिकाऊ मागून येणाऱ्या चौघांची दृष्टी गढूळ करतो, आणि त्याच्या पात्याचा फटका प्रवाळाला बसला तर ती हानी भरून येण्यास वर्षे लागतात. येथे बेडकासारखे पाय आडवे फाकवून रेटा देण्याची रीत श्रेयस्कर, आणि तीस आखूड, रुंद, पुरेसे ताठ पाते लागते. मधोमध चिरलेली पाती वरखाली पोहणाऱ्याच्या गुडघ्यांस सुखकर असली, तरी या रीतीस किंवा मागे सरकण्यास ती फारशी साथ देत नाहीत, असा आमचा अनुभव आहे. रबरी जोड जड असतो. पातळ सूट घातलेल्या मनुष्याचे पाय त्यामुळे खाली ओढले जाऊन शरीर तिरपे होते, त्यास हलका प्लास्टिकचा जोडच रास्त.

तेव्हा घाऊक मागणी नोंदविण्यापूर्वी प्रत्येक मापाचा एकेक जोड आणवून, भिन्न बांध्याच्या चार शिकाऊंस पाण्यात उतरवून पाहावे, आणि जुन्या जोडांचे रबरी पट्टे दुमडून ज्यांवर बारीक भेगा दिसतील ते पहिली बोट सुटण्यापूर्वीच बाद करावेत, ही आमची कळकळीची विनंती आहे.