कृत्यांची मालिका आणि जन्माचा डाग



मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर आमची वाडी बहुधा गावाच्या एका कडेला असते. तेथील तिघांनी एकाच इसमाविरुद्ध जातीवरून केलेल्या अपमानाची फिर्याद दिली की ठरलेला बचाव पुढे येतो : “सारे एकाच वाडीतले; यांनी संगनमत केले!” आम्हांला कडेला वसविले कोणी? ज्या व्यवस्थेने वसविले तिनेच आता त्या शेजाराला कट म्हणावे, हा कोठला न्याय?

१९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा अपमान हेतुपुरस्सर होता हे सिद्ध करावयास सांगतो. फिर्यादी एकटा असला की आरोपी म्हणतो, “रागाच्या भरात शब्द गेला.” परंतु तोच शब्द निरनिराळ्या दिवशी तिघांच्या वाट्याला आला असेल, तर तो राग कसला? १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम १३ सांगते की, कृत्य अपघाताने घडले की विशिष्ट हेतूने, असा वाद असेल तेव्हा तशाच कृत्यांची मालिका पुराव्यात घेता येते. एकाच माणसाची विमा उतरविलेली घरे एकामागून एक जळाली, हा त्याचा कायद्यातलाच दाखला. जळालेली घरे मोजणाऱ्या न्यायासनाने माणसाचे अवमानही मोजले पाहिजेत!

मात्र मर्यादा ओळखा. ‘हा मुळातच दुष्ट’ एवढ्यावर कोणाला दोषी ठरविण्यास कलम ४९ वाव देत नाही, आणि ती मनाई आम्हांला हवीच आहे. ‘मुळातच’ हा शब्द नेहमी दुबळ्यांवर उलटला आहे. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरविल्या. त्यातून सुटका व्हावयास १९५२ साल उजाडावे लागले. १९७२ साली देसाईगंज पोलीस ठाण्यात अत्याचार झाल्याची फिर्याद करणाऱ्या आदिवासी मुलीचे पूर्वायुष्यच सत्र न्यायालयाने तिच्याविरुद्ध धरले. अखेर सर्वोच्च न्यायालयातूनही दोन्ही पोलीस निर्दोष सुटले.

माणूस जन्माने नव्हे, कर्माने ओळखावा, ही तथागतांची शिकवण आहे. आम्ही आरोपीची जात पुढे करणार नाही. त्याची कृत्ये पुढे ठेवू.

यासाठी प्रत्येकाने आपली फिर्याद स्वतःच्या शब्दांत, विलंब न लावता नोंदवावी. प्रथम खबरीची प्रत विनामूल्य मिळते, ती मागून घ्यावी. एकाने दुसऱ्याच्या जबाबाशी आपला जबाब जुळवू नये. न जुळविता जुळलेले तीन जबाब हेच संगनमताच्या आरोपाला आमचे उत्तर!

जय भीम!