व्यवहारांतील विज्ञान : पाठीवरचें पोतें

टेंभुर्णी म्हटलें कीं पुष्कळांस सोलापूर जिल्ह्यांतील गांव आठवतें. येथें अभिप्रेत आहे तें जालना जिल्ह्याच्या जाफराबाद तालुक्यांतील. कपाशी, सोयाबीन व मका हीं इकडचीं पिकें. घरांतून टेंपोंत आणि टेंपोंतून मोंढ्यांत माल जातो तो बहुशः माणसाच्या पाठीवरून. ज्या घरीं आडत किंवा कोठार आहे, तेथील कर्त्या मंडळींनीं पुढील हिशेब एकवार पाहावा.

शंभर किलोचें पोतें मागें पडून पन्नास किलोचें रूढ झालें, त्यामागें हमालांच्या संघटनांची चिवट मागणी आहे. प्रौढ पुरुषाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनें १९६७ सालीं केली. मग पन्नास किलो सुरक्षितच, असें कोणी म्हणेल. परंतु ओझें किती, याइतकाच तें शरीरापासून किती दूर, हाहि प्रश्न आहे. कमरेचा मणका हा टेकू समजावा. पाठीचे स्नायू त्यापासून सुमारें दोन इंचांवर. वांकून उचललेलें पोतें वीस इंचांवर. म्हणजे पन्नास किलो तोलण्यास स्नायूंना पांचशें किलोंची ओढ लावावी लागते, आणि तिचा दाब मणक्यांमधील मऊ चकतीवर येतो. तेंच पोतें पोटाशीं धरल्यास ओढ निम्म्यावर येते.

दोन चाकांची ढकलगाडी हा यावर स्वस्त उपाय. मात्र गुळगुळीत फरशीसाठीं केलेली लहान चाकांची गाडी पाहून भुलूं नये. काळ्या मातीच्या अंगणांत ती पहिल्या पावसांतच रुतते. मोठीं, हवेचीं रबरी चाकें घ्यावींत. टेंपोचा तळ व ओटा एका उंचीवर असले तर चढउतारच टळतो. ओटा बांधतांना गवंड्यास हें सांगावें. थप्पींतील पोतीं वरून काढावींत; मधलें ओढल्यास थप्पी अंगावर येते.

इतकें करूनहि गाडी कोपऱ्यांत धूळ खाते, याचें कारण हमालीच्या दरांत असतें. मजुरी पोत्यामागें, गाडी आली कीं मालक दर कापील, ही हमालांची धास्ती आम्हांस निराधार वाटत नाहीं. गाडी घेतांनाच दर तोच राहील, असें सर्वांसमक्ष सांगावें.

आणि घरांत वर्षाचा गहूं भरतांना पोतें बाहेरच सोडून पंधरा किलोच्या डब्यांनीं आंत न्यावा. चार खेपा होतील, पण सुनेला पोतें ओढावें लागणार नाहीं.